ठिपक्यांमधले आकडे

शाळेत तपासणी झाली त्या दिवशी खारू एकटीच वाचनालयात बसून होती, हे तिच्या आईला कळलं तिसऱ्या दिवशी, आणि तेही दुसऱ्याच एका मुलीच्या आईकडून. अस्तराचं कापड घ्यायला दुकानात आलेली ती बाई बोलता बोलता म्हणाली, की खारूला बरं नव्हतं का, सगळ्या वर्गाची उंची, वजन, दात, डोळे तपासले आणि ती तेवढी रांगेत नव्हती. खारूच्या आईने हातातला तुकडा खाली ठेवला. खारू त्या दिवशी शाळेत गेली होती. तिची वेणी हिनेच घातली होती.

पंधरा दिवसांपूर्वी शाळेतून एक फॉर्म आला होता, तो तिला आठवला. वर्षातून एकदा होणारी साधी तपासणी. कशाकशाची ते एकाखाली एक छापलेलं होतं: उंची, वजन, दात, कान, नजर, रंगओळख, रक्तगट. खाली दोन चौकोन, संमती आहे आणि संमती नाही, आणि आईची किंवा वडिलांची सही. ती फोडणीच्या गडबडीत होती. नवरा म्हणाला, "दे इकडे, मी बघतो." यात वावगं काहीच नव्हतं. शाळेचे कागद तोच बघायचा, आणि बघायचा म्हणजे वाचायचा नाही, नुसती सही ठोकून द्यायचा. सहलीच्या कागदावर त्याने एकदा मुलीच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्यावरून घरात आठवडाभर हशा पिकला होता.

संध्याकाळी तिने खारूला जवळ बसवून विचारलं. खारू नऊ वर्षांची. हातात येईल ती पेन्सिल कुरतडायची म्हणून तिला लहानपणापासून खारूताई म्हणत, त्याचं खारू झालं. तिने आधी खाली पाहिलं, मग सांगून टाकलं, की बाबांनी 'नाही'वर खूण केली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले, आईला नको सांगू. ती उगाच काळजी करत बसेल."

काळजी करण्यासारखं असेल तरच माणूस काळजी करतो. पोरीला सर्दी झाली तरी हा तीनदा कपाळाला हात लावून बघणारा. लशींच्या तारखा हिच्याआधी याला पाठ. त्याच माणसाने फुकटच्या तपासणीला नाही म्हणावं आणि वर ते बायकोपासून लपवावं?

तिचा नवरा खाडीवरच्या लाँचचा सारंग होता. सारंग म्हणजे सुकाणू धरणारा. या धक्क्यावरून त्या धक्क्यावर दिवसातून सोळा फेऱ्या, दर फेरीला शंभरावर माणसं. पंधरा वर्षांत त्याच्या हातून लाँचला साधा ओरखडा पडला नव्हता आणि धक्क्यावर त्याला मान होता. तो घरी आला, हातपाय धुतले, आणि ती समोर उभी आहे हे पाहून पुन्हा हात धुवायला लागला.

तिने सरळ विचारलं. तो म्हणाला, की त्याला हे शाळेत सुया टोचणं वगैरे पटत नाही. रक्त काढतात, वहीत लिहितात, ती वही कुणाच्या हातात पडेल कुणाला ठाऊक. पोरगी ठणठणीत आहे. उद्या काही झालंच तर आपले डॉक्टर आहेत.

"हे तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?"

"वाटतं कधीपासूनचंच. बोललो नव्हतो इतकंच."

तो टॉवेल घेऊन आत गेला. अकरा वर्षांच्या संसारात त्याच्या खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती, कारण तो खोटं बोलतच नसे; म्हणूनच ते इतकं उघडं पडलं. पण ते कशासाठी आहे हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचं लक्ष लागेना. ती कापडाच्या दुकानात मॅचिंगच्या काउंटरवर बसायची. गिऱ्हाईक कपडा पुढे करी आणि ती मागच्या चारशे ठाणांतून नेमकं त्याच रंगाचं अस्तर आणि त्याच रंगाची दोऱ्याची रिळं काढून ठेवी. दिव्याखाली एक आणि उन्हात एक असा रंग फिरतो, म्हणून ती कपडा घेऊन दारापर्यंत जाई. तिची नजर आख्ख्या बाजारात नावाजलेली होती. त्या दिवशी तिने राखाडीला निळसर लावलं आणि दुकानातल्या कटिंग मास्तरांनी ते टेबलावर परत ठेवलं.

मास्तर वयस्क होते, तिला लेकीसारखं वागवत. त्यांनी काय झालं विचारलं आणि तिनेही न राहवून थोडक्यात सांगितलं. मास्तरांनी कात्री थांबवली.

"त्यात रक्तगट पण होता म्हणतेस?"

"होता."

"मग बाई, राग मानू नकोस. रक्तगटावरून पुष्कळ काही निघतं. कोण कुणाचं, हेसुद्धा. काही पुरुषांच्या डोक्यात भलतंच शिरतं आणि ते खरं निघेल या भीतीने ते तपासू पण देत नाहीत."

ती चिडली, मास्तरांना तसं बोललीही. पण शब्द कानात शिरला तो शिरलाच. म्हणजे हा माझ्यावर संशय घेतोय? कुणावरून? तिने मागची सगळी वर्षं उलटीपालटी करून पाहिली. लग्नाआधी शेजारी राहणारा एक मुलगा, जो तिला दोनदा सायकलवरून सोडायला आला होता. गोदामातला एक हसरा हमाल. तिला स्वतःचीच लाज वाटली, की आपण निर्दोष असूनही आरोपीसारख्या साक्षी गोळा करतोय. दुपारच्या सुट्टीत ती जेवली नाही. घरी जाऊन तिने कपाट उघडलं आणि त्याच्या कागदांची पिशवी पलंगावर उपडी केली.

सारंगाच्या परवान्यावर त्याचा रक्तगट होता. खारूच्या जन्माच्या वेळच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये तिचा होता, आईचा होता, बापाचाही होता, आणि फाइलवर सही त्याचीच होती. म्हणजे त्याला नऊ वर्षांपासून सगळं ठाऊक होतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतंच. मास्तरांची शंका निकालात निघाली. पण तिला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट जास्तच अडकल्यासारखं झालं. रक्त नाही, तर मग काय?

तिने नणंदेला फोन लावला. वन्सं नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, दुसऱ्या गावी असत. आईच्या मागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. तिने नेहमीची विचारपूस केली आणि मग म्हणाली, की शाळेत तपासणी होती, तुमच्या भावाने नाही म्हणून लिहून दिलं, तुमच्याकडे काही बोलले का?

"डोळ्यांची असेल ना?" वन्सं म्हणाल्या. "राहू दे गं. नाही म्हणतोय तर राहू दे. दिसतंय ना पोरीला व्यवस्थित?"

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. तिने डोळ्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

आता तिला घरात सगळीकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. बाप आणि लेक बाल्कनीत बसून हळू आवाजात बोलायचे आणि ही आली की गप्प व्हायचे. तसे ते पूर्वीही बसायचे, पण तेव्हा तिला कौतुक वाटे. खारूचं दप्तर भरताना तिने रंगीत खडूंचा डबा उघडला. प्रत्येक खडूच्या बुडाशी खाचा होत्या. त्या ती रोज बघत होती आणि पोरीच्या दातांच्या म्हणून सोडून देत होती. आज तिने एकेक खडू उजेडात धरला. दातांनी इतक्या सरळ खाचा पडत नाहीत. लाल खडूला एक. हिरव्याला दोन. तपकिरीला तीन. केशरीला आडवी फुली. चाकूने, सावकाश, माप घेऊन केलेलं काम होतं आणि घरात असं काम एकाच माणसाच्या हातचं होतं.

शनिवारी सकाळी खारू गच्चीत दोरीवरच्या उड्या मारत होती. ती वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन वर आली तेव्हा खारू उड्या मोजत होती, पण एक, दोन, तीन असं नाही.

"बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा..."

"हे काय गं?"

उडी चुकली. दोरी पायात अडकली. "काही नाही. बाबांचा खेळ आहे."

"कसला खेळ?"

"न चुकता म्हणायचं. सांगू नको म्हणालेत." आणि मग आईचा चेहरा बघून ती रडकुंडीला आली. "आई, मी सांगितलं असं नको ना सांगू बाबांना."

बादलीतले कपडे तिने तसेच दोरीवर टाकले, चिमटे न लावता. मुलीला आकडे पाठ करायला लावतो, आईला सांगू नको म्हणतो. कुठल्या तिजोरीचे, कुठल्या फोनचे आकडे हे? दुसरं कुणीतरी आहे का? पण त्यात खडूंना खाचा कशाला? सोमवारी तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि शाळेत गेली.

शाळेतल्या सिस्टरची खोली जिन्याखाली होती. एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी, एक पलंग, आणि फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट. सिस्टरने आधी तिलाच नीट न्याहाळलं. तुम्ही कोण, ओळखपत्र आहे का, फॉर्मवर तुमची सही नाही. खारूच्या आईने दुकानाचं ओळखपत्र दाखवलं, ते पुरेना म्हणून शाळेच्या फीची पावती दाखवली. तेव्हा कुठे सिस्टरने फाइल काढली.

"इथे बघा. संमती नाही. कारण, घरगुती. आम्ही जबरदस्ती करत नाही. पण खरं सांगू का? 'नाही' आलं की मी लिहून ठेवते. वर्गात चाळीस मुलं, त्यातला एकच 'नाही'. मुलीच्या अंगावर वळ असतात, म्हणून पण काही जण नाही म्हणतात."

इथे आपल्या घराबद्दलही कुणीतरी शंका नोंदवून ठेवली आहे, हे खारूच्या आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. तसलं काही नाही, असं तिने सांगितलं, आणि सांगताना आपण अगदी तसंच बोलतोय जसं खोटं बोलणारी माणसं बोलतात, असंही तिला वाटलं. मग तिने विचारलं, की तपासणीत नक्की काय काय करता ते मला दाखवाल का?

सिस्टरने दाखवलं. नजरेचा तक्ता. कानाशी धरायचं यंत्र. दात बघायची बॅटरी. आणि एक जाडसर, कोपरे झिजलेलं पुस्तक.

"हे रंगओळखीचं. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो. ज्याला रंग नीट दिसतात त्याला तो दिसतो. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, ते नुसतं समजावून सांगायला."

पहिल्या पानावर केशरी ठिपक्यांत बारा होते. सिस्टरने पान उलटलं. हिरव्या ठिपक्यांत लाल आठ. पुढचं पान. सहा. पुढचं. एकोणतीस.

"सत्तावन्न," खारूची आई म्हणाली.

सिस्टरने पान अजून उलटलं नव्हतं. तिने उलटलं, पाहिलं आणि पुस्तक अर्धवट मिटून घेतलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"पुढे पाच. मग तीन. मग पंधरा."

मग खारूची आई खाली बसली आणि तिने सिस्टरला उड्यांचं सांगितलं, खडूंच्या खाचांचं सांगितलं. नवरा काय काम करतो ते मात्र सांगितलं नाही. ते तिच्या ओठांवर आलं होतं आणि त्याच क्षणी तिला समजलं की ते सांगायचं नसतं. आणि ते का सांगायचं नसतं तेही समजलं.

सिस्टरचा आवाज आता मऊ झाला होता. हे रंगांधळेपण मुलग्यांत बरंच आढळतं, मुलींत क्वचित, असं ती म्हणाली. मुलीला असायचं तर दोन्हीकडून यावं लागतं. वडिलांना ते असतंच असतं. आईला सगळं दिसतं, पण आईच्या घराण्यातून ते तिच्याकडे आलेलं असतं आणि ती पुढे देते.

"माझ्याकडून?"

"दोघांकडून. यात कुणाचा दोष नाही, ताई."

बाजारात नावाजलेल्या नजरेची ती बाई रस्त्यावर आली. तिचे वडील फळं घेताना एकेक फळ दाबून बघत, कधी रंगावरून घेत नसत, आणि आई म्हणे, किती चोखंदळ माणूस आहे. नवऱ्यापुढे तिने कितीदा दोन साड्या धरून विचारलं होतं, कुठली नेसू? तो दर वेळी म्हणे, दोन्ही छान आहेत. आणि ती समजायची, याला आपल्यात रसच नाही. यावर तिने पहिल्या वर्षी किती रडून घेतलं होतं.

पण खाडीच्या पाण्यावर बोये असतात, हे तिला ठाऊक होतं. लोकांना वाट दाखवायला तरंगत ठेवलेले, एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवे. त्यांच्यामधून लाँच न्यायची असते.

सोक्षमोक्ष लावायचा तिने रविवार निवडला. खारू शेजारी खेळायला गेली होती, तो खिडकीपाशी बसून पंख्याचं बटण दुरुस्त करत होता. तिने शिवणाचं मशीन काढलं आणि दुकानातून आणलेली दोन रिळं त्याच्यासमोर ठेवली. एक हिरवं, एक तपकिरी. त्यांच्या बुडाला रंगाच्या नंबराची चिठ्ठी असते. ती तिने आधीच सोलून काढली होती.

"जरा ते हिरवं द्या हो इकडे."

त्याने स्क्रू ड्रायव्हर ठेवला. एक रीळ उचललं आणि सवयीने उलटं करून बुड बघितलं. मग दुसरं उचललं, त्याचंही बुड बघितलं. मग दोन्ही तळहातावर ठेवून तो तसाच बसला. बाहेर पोरांचा चेंडू दोनतीनदा भिंतीवर आपटला.

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. तुम्ही सोडून सगळ्यांनी थोडं थोडं सांगितलं."

मग तो बोलला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवता येईना. लहानपणी खेळात हिरव्या-लालच्या गोंधळावरून पोरं चिडवायची, तेव्हा वन्संनी त्याला शिकवलं, की विचारायचं नाही, दुसरा काय करतो ते बघायचं. एकोणिसाव्या वर्षी तो लाँचवर खलाशी म्हणून लागला. पाण्याशिवाय त्याला काही सुचत नव्हतं. सारंगाच्या परीक्षेत ठिपक्यांचं पुस्तक असतं असं कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका जुन्या माणसाने त्याला आकडे क्रमाने लिहून दिले. पुस्तक सगळीकडे तेच, क्रम तोच. दर दोन वर्षांनी तपासणी होई आणि दर दोन वर्षांनी तो ते म्हणून दाखवी. दिवसा बोये आकारावरून ओळखता येतात, एक डब्यासारखा, एक निमुळता, आणि एकूण एक बोया कुठे आहे ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. अंधारात नुसते दिवे असतात. म्हणून तो रात्रपाळी कधीच घेत नसे. घरी मुलगी लहान आहे असं सांगे.

"खारूचं मला तिच्या चौथ्या वर्षीच कळलं. पान तपकिरी आणि खोड हिरवं रंगवलं तिने. मी बघत बसलो. मला ते चुकलेलं दिसलंच नाही गं, बालवाडीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणून खाचा केल्या. आकडे पण शिकवले. मग फॉर्म आला आणि वाटलं, तपासणाऱ्या बाईंनी मध्येच एखादं पान गाळलं तर पोरगी फसेल. तिच्या नावापुढे लिहिलं, की कुणीही विचारणार, बाप काय करतो."

"आणि मला?"

"तुझं आख्खं काम रंगांचं. तुला काय सांगू?"

तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने एवढंच विचारलं, "कधी चुकलात का?"

त्याने लगेच उत्तर दिलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, की मागच्या हिवाळ्यात एकदा. दुसरा सारंग आजारी पडला, म्हणून संध्याकाळची शेवटची फेरी याच्या गळ्यात आली. समोरून मालाचा एक बार्ज येत होता. त्याच्यावरचा दिवा लाल की हिरवा हे कळेना, म्हणजे तो डावीकडून जातोय की उजवीकडून ते कळेना. त्याने अंदाजाने सुकाणू फिरवलं. खलाशी ओरडला तेव्हा उलटं फिरवलं. हात दोन हात अंतर राहिलं असेल. लोकांना लाट आली असं वाटलं.

"किती माणसं होती?"

"भरलेली होती."

त्यावर ती काय बोलली ते तिला नंतर आठवत नव्हतं. राहिलेल्या तपासणीसाठी सिस्टरने दिलेला नवा फॉर्म तिने पर्समधून काढला आणि त्याच्यासमोर संमतीच्या चौकोनात खूण करून सही केली, एवढं आठवत होतं. आईची किंवा वडिलांची; एकाची पुरते. मग तिने सांगितलं, की शुक्रवारी तपासणी आहे. त्याआधी ऑफिसात तुम्ही सांगायचं. शाळेच्या वहीतून त्यांना कळायला नको.

बुधवारी तो म्हणाला, सांगितलं. साहेब चांगले वागले, मला वर्कशॉपला टाकलंय. ती 'बरं' म्हणाली. गुरुवारी दुपारी दुकानातून निघून ती धक्क्यावर गेली. आपण नवऱ्याच्या मागावर निघालोय हे तिला कळत होतं, पाय मात्र थांबत नव्हते. तिकिटाच्या खिडकीतला माणूस तिला ओळखत होता. त्याने आपुलकीने विचारलं, की सारंगाची पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी महिनाभर उभं राहू नका म्हणून सांगितलंय ना? परत येतील तोवर आम्ही सांभाळतो.

म्हणजे पाठ. आणि महिनाभर.

त्या संध्याकाळी तिने भांडण केलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, "पाठीला तेल लावून देऊ का?" त्याचा घास हातातच राहिला. खारू एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघू लागली.

शुक्रवारी आईबाप दोघंही शाळेत गेले. तो यायला तयार नव्हता, खारूने हात धरून आणला. जिन्याखालच्या खोलीत तो दाराशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन, स्वतःच्या परीक्षेला आल्यासारखा. उंची झाली, वजन झालं, दातांत एक कीड निघाली. मग सिस्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.

"बारा," खारू म्हणाली.

पान उलटलं. खारूने मान वळवून बापाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले की नाही हे आईला सांगता आलं नसतं. ती त्याच्याकडेच बघत होती तरी.

"इथे आठ आहे, मला माहितीये," खारू म्हणाली. "पण मला तीन दिसतो."

सिस्टरने लिहून घेतलं. पुढच्या पानावर खारूने पाच सांगितला, त्याच्या पुढे काहीच दिसत नाही म्हणाली, आणि मग तिची भीडच चेपली. ती प्रत्येक पानाला काय असायला हवं आणि आपल्याला काय दिसतं ते दोन्ही सांगू लागली. सिस्टरला हसू आवरेना. खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवल्यासारखी खारू खुर्चीत उड्या मारत होती. दाराशी आता कुणी नव्हतं. तो व्हरांड्यात जाऊन उभा होता, भिंतीकडे तोंड करून.

त्याने त्याच दुपारी ऑफिसात खरं सांगितलं. हे खरं आहे हे तिला कळायला चार दिवस गेले, कारण या वेळी त्याने सांगितलं तरी तिने मानलं नव्हतं. मंगळवारी ऑफिसातून दोघांना बोलावणं आलं तेव्हा मानलं.

परवाना रद्द झाला. पंधरा वर्षांची सेवा आणि स्वतःहून आला हे धरून त्याला दोरखंडांच्या कोठारात काम दिलं. पण चौकशी व्हायचीच होती. आकडे कुणी दिले, हे त्याने सांगितलं नाही. तो माणूस आता हयात नाही, एवढंच म्हणाला. मग त्याला बाहेर पाठवून तिला आत बोलावलं. टेबलामागे दोन अधिकारी होते. त्यांतल्या बाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, की तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?

"पंधरा दिवसांपासून."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि तुम्ही काय काम करता?"

तिने सांगितलं. बाईंनी पेन थांबवलं आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रंग जुळवून पोट भरणारी बाई, अकरा वर्षं एका घरात, आणि हिला पत्ता नाही. ती नजर खारूच्या आईला नवी नव्हती. गेले तीन आठवडे तिने तीच वापरली होती, स्वतःच्या घरात, जेवताना, कपडे वाळत घालताना.

"खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. ते आपल्याच कानाला किती पोकळ लागलं ते तिने ऐकलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला उलट्या बाजूने वाचता आलं नाही.

बाहेर बाकावर तो बसला होता. आत काय विचारलं, असं त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. दोघं धक्क्याच्या रस्त्याने चालायला लागले. दुपारची लाँच सुटत होती. सुकाणूवर कुणीतरी तरुण होता, वळण जरा जास्तच रुंद घेत होता. नवरा थांबला, लाँच बोयांच्या मधून नीट बाहेर पडेपर्यंत बघत राहिला आणि मग म्हणाला, की घेईल हळूहळू अंदाज.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं की सुटल्यासारखं वाटत होतं, ते तिला ओळखता आलं नाही. पूर्वी तिने ते विचारलंही नसतं.

"खरं सांगा, काय वाटतंय?"

"थांब जरा," तो म्हणाला. "सांगतो."

ती कठड्याला टेकून थांबली.